भिंतीतल्या चार तारा

अमेरिकेत किंवा कॅनडात वापरलेलं घर विकत घेतलं की त्याबरोबर पुष्कळदा एक पत्र्याची पेटी येते. तळघरात, नाहीतर झोपायच्या खोलीतल्या कपाटात, हँगरांच्या मागे ती भिंतीला ठोकलेली असते. रंग पांढरट किंवा करडा, झाकणाला छोटंसं कुलूप. मुख्य दाराजवळ तिचा एक कीपॅड असतो, त्यावर हिरवा दिवा जळत असतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, टोरांटोच्या उपनगरांत, डॅलसजवळच्या वस्त्यांमध्ये कितीतरी मराठी कुटुंबं अशा घरांत राहतात. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राखणीचं काम सेफ्टी डोअर, खिडकीची ग्रिल आणि खालचा वॉचमन करतो, त्यामुळे या पेटीशी आपली ओळख नसते. आधीच्या मालकानं अलार्म कंपनीचं मासिक शुल्क बंद केलेलं असतं, नव्या मालकाला त्याची गरज वाटत नाही, आणि पेटी तशीच राहते.

झाकण उघडलं की आत एक सर्किट बोर्ड, एक शिशाची बॅटरी आणि पातळ तारांचे जुडगे दिसतात. प्रत्येक जुडगा भिंतीच्या पोकळीतून कुठल्यातरी दारापर्यंत, खिडकीपर्यंत किंवा खोलीच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला असतो. म्हणजे या पेटीला दर क्षणाला माहीत असतं, की घरातलं कोणतं दार उघडं आहे, कोणती खिडकी लागलेली नाही, कुठल्या खोलीत आत्ता कोणी चाललं. वीस-वीस, तीस-तीस वर्षं तिला हे माहीत आहे, आणि तिला प्रश्न मात्र एकच विचारला गेला आहे: चोर आला का?

त्याच घरात आता दिवे, पंखे, हीटिंग यांना चालवणारं सॉफ्टवेअर असतं. त्याला बाहेरचं तापमान कळतं, सूर्यास्ताची वेळ कळते. पण मागचं दार उघडं आहे हे कळत नाही, कारण ते कळणाऱ्या पेटीशी त्याचा संबंधच नाही. हा संबंध जोडता येतो, आणि तो जोडायला बसलं की वाटेत ज्या गोष्टी भेटतात त्या इतक्या विलक्षण आहेत, की एकेकीजवळ थांबावंसं वाटतं.

पहिली गोष्ट दाराच्या चौकटीतच आहे. तिथे एक बंद काचेची नळी बसवलेली असते, काडेपेटीतल्या काडीहूनही आखूड. नळीत लोखंड-निकेलच्या दोन पातळ पट्ट्या समोरासमोर असतात, त्यांच्यात केसाएवढी फट. दाराच्या फळीत लोहचुंबक बसवलेलं असतं. दार लागलं की चुंबक नळीजवळ येतं, पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जाऊन चिकटतात आणि वीज वाहते. दार उघडलं की त्या सुटतात. याला रीड स्विच म्हणतात. बेल लॅब्जमधल्या वॉल्टर एलवूड यांनी तो १९३६ मध्ये शोधला, टेलिफोन एक्स्चेंजच्या कामासाठी. नळीत हवा नाही म्हणून गंज नाही, दाराला स्पर्श नाही म्हणून घासणं नाही. दिवसातून पन्नास वेळा उघडणाऱ्या दारावरसुद्धा तो वर्षानुवर्षं चालतो.

पण चोरानं ती तारच कापली तर? किंवा दोन्ही तारा सोलून एकमेकींना जोडून टाकल्या, म्हणजे पेटीला दार कायम बंदच वाटेल, तर? यावरचं उत्तर मला या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत देखणं वाटतं. ते काही पैशांच्या दोन रेझिस्टरांत आहे. डीएससी या कॅनडातल्या कंपनीच्या पॅनेलांवर, म्हणजे अशा पेट्यांतल्या बोर्डांवर, प्रत्येकी ५,६०० ओहमचे दोन रेझिस्टर तारेच्या पार टोकाला, स्विचपाशी बसवता येतात: एक वाटेत सरळ, दुसरा स्विचच्या दोन टोकांना समांतर. दार बंद असेल तर स्विच दुसऱ्या रेझिस्टरला वळसा देतो आणि पॅनेलला ५,६०० ओहम दिसतात. दार उघडलं की विजेला दोन्ही रेझिस्टर ओलांडावे लागतात, म्हणून ११,२०० दिसतात. तार कापली तर वाटच नाही, म्हणजे अनंत. तारा एकमेकींना चिकटवल्या तर शून्य. दोनच तारा, पण त्यांतून चार वेगवेगळी उत्तरं येतात: सगळं ठीक, दार उघडलं, कोणीतरी छेडछाड केली, वायरिंग बिघडलं. हे रेझिस्टर टोकालाच हवेत. पुष्कळ घरांत काम सोपं व्हावं म्हणून ते पेटीतच बसवलेले आढळतात, आणि मग त्यांचा अर्धा उपयोग वाया जातो. तसं वायरिंग पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. एवढी सुंदर कल्पना, आणि ती तीस फूट अलीकडे अडकलेली.

विजेच्या तारेनं दारावर पहारा ठेवायची कल्पना जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिल गावचे ऑगस्टस रसेल पोप यांनी २१ जून १८५३ रोजी विद्युत-चुंबकीय चोरघंटेचं पेटंट घेतलं. घराघरांत विजेचे दिवे यायला तेव्हा अजून कित्येक वर्षं होती. पोप यांचे हक्क एडविन होम्स यांनी विकत घेतले आणि त्यावर धंदा उभा केला, आधी बोस्टनमध्ये, मग न्यू यॉर्कमध्ये. ग्राहकांच्या दुकानांपासून आणि बँकांपासून एका मध्यवर्ती कचेरीपर्यंत तारांचं जाळं पसरलं. मग १८७७ साल आलं. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याकडे टेलिफोन होता, पण शहरभर तारा नव्हत्या. होम्स यांच्या मुलाकडे बोस्टनमध्ये तारा होत्या. त्यानं आपल्या बँक-ग्राहकांकडे टेलिफोन बसवले. दिवसा त्याच तारांवरून लोक बोलत आणि रात्री त्याच तारा चोरावर पाळत ठेवत.

म्हणजे अलार्मच्या तारांना दुसरं काम देणं ही आजची टूम नाही. शहरातला टेलिफोन त्यांच्याच आधारानं पहिली पावलं टाकायला शिकला.

खोलीच्या कोपऱ्यात उंचावर बसवलेला हालचाल ओळखणारा सेन्सर ही वेगळी जात. त्याला दिसतो तो उजेड नसतो, ऊब असते. माणसाचं अंग सतत अवरक्त किरण सोडतं. त्यांचा जोर ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतो. सेन्सरमध्ये ऊब जाणवणारे दोन तुकडे एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. सगळी खोली उन्हानं हळूहळू तापली तर दोघांवर सारखाच परिणाम होतो आणि तो आपसात कटतो. माणूस आडवा चालला की आधी एकाला ऊब लागते, मग दुसऱ्याला, आणि तो फरक उमटतो. समोरच्या दुधी प्लास्टिकवर जे बारीक चौकोन दिसतात ती भिंगं आहेत. त्यांची कल्पना फ्रान्सच्या ऑगस्तँ फ्रेनेल यांची. त्यांचं भिंग १८२३ मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात लागलं, जहाजांना दुरून प्रकाश दिसावा म्हणून. दीपगृहातलं भिंग प्रकाश बाहेर फेकतं, कोपऱ्यातलं भिंग ऊब आत गोळा करतं.

आता मुख्य गोष्ट. पेटीपासून कीपॅडपर्यंत चार तारा जातात: लाल, काळी, पिवळी, हिरवी. डीएससीच्या पॉवरसीरीज पॅनेलांत या चौकडीला कीबस म्हणतात. लाल आणि काळी कीपॅडला वीज पुरवतात. घराची सगळी खबर उरलेल्या दोन तारांवर चालते. घरात एक कीपॅड असो की चार, शिवाय जादा दारं-खिडक्यांसाठीचे पुरवणी बोर्ड असोत, सगळे याच दोन तारांवर टांगलेले असतात.

इतक्या जणांनी एकाच तारेवर बोलायचं तर गोंधळ व्हायला हवा. तो होत नाही याचं कारण पिवळी तार. तिच्यावर पॅनेल सेकंदाला साधारण हजार ठोके देत असतं. भजनात टाळाचा ठेका धरलेला असतो, बुवांनी ओळ म्हणायची तेव्हा बुवा म्हणतात, टाळकऱ्यांनी उचलायची तेव्हा टाळकरी उचलतात, आणि ठेक्यामुळे कोणाची वेळ कोणती हे वेगळं सांगावं लागत नाही. पिवळी तार हा तो टाळ आहे. ठोक्याच्या एका अर्ध्या भागात हिरव्या तारेवर पॅनेल आपला शून्य किंवा एक ठेवतं, दुसऱ्या अर्ध्या भागात तीच तार कीपॅडसाठी मोकळी असते. कीपॅडला काही सांगायचं असेल तर तो तार शून्याकडे खाली ओढतो. काही सांगायचं नसेल तर तिला हातही लावत नाही. एवढ्यावर सगळा संवाद चालतो.

आणि हा संवाद उघडा आहे. पॅनेल जे बोलतं ते तारेवरच्या सगळ्यांना ऐकू जातं. कोणतं दार उघडं आहे हे ते ठरावीक संदेशात पुन्हा पुन्हा सांगत असतं. षोडशमान पद्धतीत २७ या आकड्यानं सुरू होणाऱ्या संदेशात पहिल्या आठ झोनांची, म्हणजे पॅनेलला जोडलेल्या दारा-खिडक्यांच्या पहिल्या आठ तारजोड्यांची, स्थिती एकाच बाइटमध्ये येते. प्रत्येक झोनला एक बिट. पहिल्या झोनवर मुख्य दार आणि तिसऱ्यावर स्वयंपाकघराचं मागचं दार असेल, आणि दोन्ही उघडी असतील, तर तो बाइट ०००००१०१ असतो. शेवटी आधीच्या बाइटांची बेरीज येते, ऐकताना चूक झाली का ते ताडून पाहायला. संदेशांची ही भाषा कंपनीनं लोकांसाठी छापली नव्हती. हौशी मंडळींनी तारांना मापक लावून, एकेक दार उघडून, कोणता बिट बदलतो ते बघत बघत ती उलगडली आणि सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. शिलालेखाची लिपी वाचणाऱ्यांइतकीच चिकाटी मला यात दिसते.

ऐकायला काय लागतं? ईएसपी३२ नावाची, वाय-फाय असलेली एक छोटी चिप. ती शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची असते आणि काही शे रुपयांत मिळते. अडचण एवढीच, की कीबसवर बारा-तेरा व्होल्ट असतात आणि चिपला ३.३ व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही. म्हणून पिवळ्या आणि हिरव्या तारेवर प्रत्येकी दोन रेझिस्टर लावायचे, ३३ हजार ओहमचा तारेकडून आणि १० हजारांचा काळ्या तारेकडे, आणि त्यांच्या मधून चिपकडे तार न्यायची. तेरा व्होल्टचे तिथे सुमारे तीन उरतात. चिप त्याच पेटीत, त्याच लाल-काळ्या तारांवरून वीज घेऊन बसते. फक्त तिच्यासाठी व्होल्टेज उतरवणारा एक तुकडा मध्ये घालावा लागतो. मग लॅपटॉपच्या पडद्यावर ओळी पडायला लागतात. मागचं दार उघडावं आणि पडद्यावर तत्क्षणी तिसरा झोन उघडल्याची ओळ यावी: ज्या तारा घर बांधताना भिंतीत गाडल्या गेल्या, त्यांनी पहिल्यांदा आपल्याशी बोलावं, तसं वाटतं.

चिपनं बोलायचं असेल, म्हणजे कीपॅडसारखी बटणं दाबायची असतील, तर एक ट्रान्झिस्टर वाढवावा लागतो, जो हिरवी तार खाली ओढेल. माझं मत स्पष्ट आहे: सुरुवातीला तो लावू नये. ट्रान्झिस्टर नसेल तर चिपला फक्त कान असतात, तोंड नसतं. घराच्या वाय-फायमध्ये कोणी शिरलं, सॉफ्टवेअरमध्ये भोक निघालं, तरी तिच्या हातून अलार्म बंद होऊ शकत नाही, कारण तशी तारच जोडलेली नाही. सॉफ्टवेअरमधली बंदी उठवता येते. न लावलेला ट्रान्झिस्टर दुरून कोणालाही लावता येत नाही. अर्थात कान असणं हीसुद्धा जबाबदारी आहे. कीबसवर कीपॅडची बटणंही कुलूपबंद न होता जातात, त्यामुळे घरच्यांचा गुप्त आकडा ऐकणाऱ्या चिपला कळू शकतो. म्हणून ती चिप आणि तिचे संदेश घराच्या आतच राहिले पाहिजेत.

हे सगळं सोल्डरिंग करून करायलाच हवं असं नाही. एन्व्हिसालिंक नावाचा तयार बोर्ड याच चार तारांना जोडून घराच्या नेटवर्कवर तीच खबर देतो. हनीवेलच्या व्हिस्टा पॅनेलांची कीपॅड-बस वेगळी बोली बोलते. तिच्यासाठी अलार्मडीकोडर हे उपकरण आहे. आणि कोनेक्टेड नावाचा एक पर्याय जुनं पॅनेल काढूनच टाकतो आणि तारा थेट आपल्या बोर्डावर घेतो. तो मला पटत नाही. का ते पुढे सांगतो.

चिपला कळलेलं सॉफ्टवेअरला कळवायचं तर निरोप्या लागतो. इथे जो निरोप्या वापरतात त्याचं नाव एमक्यूटीटी. तो १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉमचे आर्लेन निपर यांनी घडवला, तेलाच्या पाइपलाइनींसाठी. ओसाड प्रदेशातल्या पंपांचा दाब उपग्रहामार्फत कळवायचा होता, आणि उपग्रहाचा प्रत्येक बाइट महाग होता. म्हणून संदेशाचा मथळा दोन बाइटांपर्यंत लहान ठेवला. त्यात दोन सोयी अशा आहेत, की जणू अलार्मसाठीच केल्या असाव्यात. पहिली: निरोप घेऊन पुढे पोचवणारं जे टपाल-केंद्र असतं, ते शेवटचा निरोप जपून ठेवू शकतं. सॉफ्टवेअर रात्री बंद पडून सकाळी उठलं, तरी ‘मागचं दार बंद’ हा निरोप त्याची वाट पाहत असतो. दार पुन्हा उघडेपर्यंत थांबावं लागत नाही. दुसरी: जोडणी होतानाच चिप आपला अखेरचा निरोप केंद्राकडे ठेवून देते. ती अचानक गप्प झाली, वीज गेली किंवा कोणी तोडली, की केंद्र तिच्या वतीनं तो जाहीर करतं. रेझिस्टरांनी तारेवर जे साधलं तेच हे. पहाऱ्यात सगळ्यात घातक असते ती शांतता, जिचा अर्थ ‘सगळं ठीक’ की ‘मी मेलो’ हे कळत नाही. एका पिढीनं ही अडचण ओहममध्ये सोडवली, दुसरीनं संदेशात.

निरोप पोचतो तो होम असिस्टंटकडे. हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पाउलस स्खाउटसेन या डच तरुणानं २०१३ मध्ये सुरू केलं. सुरुवात सूर्यास्ताला दिवे लावणाऱ्या एका छोट्या पायथन प्रोग्रॅमपासून झाली. आज ते घरातल्याच एका छोट्या संगणकावर चालतं, इंटरनेट गेलं तरी चालू राहतं. त्यात अलार्म-पॅनेलला ठरलेल्या अवस्था आहेत: पहारा बंद, घरी असताना पहारा, बाहेर गेल्यावरचा पहारा, रात्रीचा पहारा, आत येणाऱ्याला दिलेली मुदत, आणि धोका.

आणि मग घर बदलतं. ‘बाहेर गेल्यावरचा पहारा’ लागला याचा अर्थ घरात कोणी नाही. हे पॅनेलइतकं खात्रीनं दुसरं कोणीच सांगू शकत नाही. तेवढ्यावर राहिलेले दिवे मालवतात, हीटिंग उतरतं. जानेवारीत खिडकी दहा मिनिटं उघडी राहिली तर हीटिंग थांबतं. धुराच्या सेन्सरनं पॅनेलला कळवलं की सायरन पॅनेल वाजवतंच, पण त्याच क्षणी सॉफ्टवेअर घरातला प्रत्येक दिवा पूर्ण उजेडात लावतं, झोपेतून उठणाऱ्याला जिना दिसावा म्हणून, आणि गरम हवा फिरवणारा पंखा बंद करतं, म्हणजे हवेच्या नळांतून धूर दुसऱ्या खोल्यांत जात नाही. पंख्याचं हे काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ते पॅनेल एकट्यानं करू शकत नव्हतं आणि पंख्याचं नियंत्रण एकट्यानं करू शकत नव्हतं.

मराठी घरांतला एक प्रसंग तिथल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात. त्यांना पहाटे पाचला जाग येते, चहाआधी मागचं दार उघडून जरा बाहेर उभं राहायची सवय असते, आणि रात्रीचा पहारा लागलेला असतो. दार उघडलं की कीपॅड बीप करायला लागतो. साधारण ३० सेकंदांची मुदत असते, मग सायरन. घाबरलेल्या माणसाला त्या ३० सेकंदांत इंग्रजी अक्षरांचा कीपॅड वाचता येत नाही. पण पॅनेलनं मुदत सुरू केल्याचं सॉफ्टवेअरला कळत असेल, तर स्वयंपाकघरातला स्पीकर त्याच सेकंदाला मुलीच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं वाक्य ऐकवू शकतो: ‘आई, घाबरू नकोस, कीपॅडवर आपला नंबर दाब.’ ओट्यावरचा दिवा लागतो. यात कुठेही चोर नाही, आणि तरी अलार्मचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

आता जुनं पॅनेल का काढू नये ते सांगतो. त्याच्या पेटीतली बॅटरी बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची असते. सगळी व्यवस्था मिळून ३०० मिलिअँपिअर घेत असेल तर नव्या बॅटरीवर ती हिशेबानं २३ तास चालते. घरच्या संगणकाला अपडेट लागतात, त्याचं मेमरी कार्ड खराब होतं, वाय-फायचा राउटर बंद पडतो. पॅनेलला यातलं काही लागत नाही. दार उघडलं, मुदत संपली, सायरन वाजवला: हा निर्णय त्याच्या स्वतःच्या बोर्डावर होतो आणि त्यात कोणाची परवानगी लागत नाही. तो अधिकार त्याच्याकडेच राहू द्यावा. सॉफ्टवेअरनं ऐकावं, त्यावरून दिवे लावावेत, बोलावं. पहारा मात्र पेटीनंच द्यावा. देखरेखीचा करार चालू असेल तर पेटी उघडण्याआधी कंपनीला कळवून खातं चाचणीवर टाकावं लागतं, नाहीतर एका दाराच्या प्रयोगासाठी पोलीस दारात येतात. आणि धुराच्या सेन्सरांच्या तारांना आपण हात लावू नये. त्यांचं ऐकणं कीबसवरून होतं, तेवढं पुरे.

देखरेख म्हटली, की पेटीच्या दुसऱ्या तोंडाकडे वळावं लागतं, टेलिफोनच्या तारेकडे. पॅनेल कंपनीच्या केंद्राला फोन करतं तेव्हा ते काय बोलतं? ॲडेम्को कंपनीनं रूढ केलेल्या काँटॅक्ट आयडी या पद्धतीत केंद्र आधी १,४०० आणि मग २,३०० हर्ट्झचा सूर काढून ‘ऐकतोय’ म्हणतं, आणि पॅनेल फोनच्या बटणांच्या सुरांत सोळा आकडे वाजवतं. समजा आकडे आले २५८० १८ १ १३० ०१ ००३ ७. पहिले चार म्हणजे घराचा खातेक्रमांक. १८ ही पद्धतीची खूण. १ म्हणजे नवी घटना, तीच मिटली असती तर ३. १३० म्हणजे घरफोडी. आग असती तर ११०, वीज गेली असती तर ३०१. मग विभाग ०१, झोन ००३. शेवटचा ७ हा पडताळा: शून्याला १० धरून सगळ्या आकड्यांची बेरीज १५ च्या पटीत यायलाच हवी. करून पाहा, ९० येते. फोनच्या खरखरीत एखादा सूर चुकला तर बेरीज मोडते आणि पॅनेल पुन्हा सांगतं. जुळली की केंद्र १,४०० हर्ट्झचा एक सूर काढून निरोप घेतं. सगळा निरोप दीड-दोन सेकंदांत संपतो.

ॲस्टरिस्क या मुक्तस्रोत टेलिफोन-सॉफ्टवेअरमध्ये अलार्मचे हे सूर ओळखणारा भाग आहे. पॅनेलची फोनतार त्याला जोडली, की घरातलाच संगणक केंद्र होऊन पॅनेलशी बोलतो. पॅनेलला वाटतं आपण शहरापलीकडच्या कचेरीला फोन लावला. उत्तर मात्र शेजारच्या कपाटातून आलेलं असतं. कीबस कोणत्याही कारणानं उलगडता येत नसेल, तर हाही एक रस्ता आहे.

बिनतारी सेन्सर असलेल्या घरांत गोष्ट आणखी वेगळी. उत्तर अमेरिकेत डीएससीचे जुने सेन्सर ४३३.९२ मेगाहर्ट्झवर आणि हनीवेलचे ३४५ वर बोलतात, आणि तेही उघडपणे. टीव्ही पाहण्यासाठी बनवलेली यूएसबी कांडी आणि आरटीएल_४३३ हा प्रोग्रॅम एवढ्यावर ते ऐकू येतात. तेच शेजाऱ्यालाही ऐकू येतात, हे विसरून चालत नाही. पुढच्या पॉवरजी पिढीच्या सेन्सरांनी यावर उपाय केला: संदेश १२८ बिटांच्या किल्लीनं कुलूपबंद, आणि वारंवारताही उड्या मारत बदलणारी. सुरक्षा वाढली, पण कान लावायची सोय गेली. तिथे कंपनी देईल त्याच दारातून आत जावं लागतं, आणि नवी सिस्टिम घेणाऱ्यानं ते दार आहे का, हे विकत घेण्याआधी विचारावं.

जुन्या घरात यातलं सगळं जोडून झालं, की एक काम उरतं जे कोणतंही यंत्र करू शकत नाही. पॅनेलला फक्त आकडे माहीत असतात. झोन ४ म्हणजे जेवणघराची खिडकी की जिन्याखालची, हे त्याला कधी कळलेलं नसतं. पेटीच्या झाकणाच्या आत बहुधा एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर बसवणाऱ्यानं यादी लिहिलेली असते. काही अक्षरं पुसट झालेली असतात. एखाद्या झोनवर त्या खोलीचं नाव असतं जी खोली नंतरच्या मालकानं पाडून टाकली. म्हणून एकानं लॅपटॉपसमोर बसायचं आणि दुसऱ्यानं घरभर फिरून एकेक दार, एकेक खिडकी उघडत, ओरडून सांगत जायचं. लहान मुलांना हे काम फार आवडतं. शेवटी होम असिस्टंटमध्ये नावं भरायची. ती मराठीत चालतात: मागचं दार, देवघराची खिडकी, आजीची खोली.